शालिनीबाईंचा झोका

दौंडच्या लोको शेडमध्ये दानिएल फिटर होता आणि त्याला आपल्या कानाचा भारी गर्व होता. इंजिनाचं चाक आसावर जरासं बाजूला बसलं असलं, तर नुसत्या आवाजावरून तो सांगे, "ह्ये उतरवा, डुलतंय." बाकीचे फिटर माप घेऊन बघत, तर ते खरंच निघे. अशा माणसानं घरच्या घरी माती खावी, ह्याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

शालिनीबाई वेर्णेकर ह्या गायिकेवर त्याचा जीव होता. त्रेसष्ट साली त्यानं पुण्याहून रेकॉर्डप्लेअर आणि बाईंची नवी तबकडी आणली. जुन्या लाखेच्या तबकड्या हातातून निसटल्या की कौलासारख्या फुटत. ही प्लास्टिकची होती, खरखरही कमी. तिच्यातल्या एका गाण्यात बाई अंतऱ्यावर सूर लांबवत, आणि तो सूर हलकेच खाली जाऊन वर येई, पुन्हा खाली, पुन्हा वर. दानिएलनं त्याला नाव दिलं, झोका. सुईचा दांडाही डावीउजवीकडे डुले. "बगा, यंत्रसुदिक मान डोलावतंय," असं तो आल्यागेल्याला दाखवी. बायको कृपाबाई म्हणे, "च्या निवला."

एवढ्यावर भागलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण दानिएल चर्चच्या गायनमंडळीचा पुढारी. त्यानं नाताळचं एक गीत ह्याच चालीवर बसवलं. एकटीनं म्हणायची ओळ त्याच्या मेहुणीकडे, हन्नाकडे होती. हन्नाचा गळा सरळ. एकदा सूर लागला की जागचा हलायचा नाही.

"झोका घे, हन्ना. बाई घेत्यात तसा."

"दाजी, त्यात सूर सुटतोय. मला चुकल्यावानी वाटतं."

"बाईंपरीस तुला जास्त कळतं व्हय गं?"

सगळ्या मंडळीदेखत त्यानं तिची ओळ काढून दुसरीला दिली.  वर्षभर हन्ना दुपारची बहिणीकडे येऊन तबकडीपुढं बसली आणि पुढच्या नाताळला झोका घेऊनच आली. दानिएलनं तिची पाठ थोपटली. केवढा अभिमान वाटला होता त्याला!

मग एका हिवाळ्यात शालिनीबाईच दौंडला आल्या. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये गाणं होतं. दानिएल इस्त्रीचा कोट घालून कृपाबाईसह पहिल्या रांगेत बसला. बाईंनी तेच गाणं काढलं. अंतरा आला, सूर लांबला, आणि सरळच्या सरळ राहिला.

दानिएलला राहवलं नाही. तो उठून म्हणाला, "बाई, झोका राहिला!"

बाई थांबल्या. "कुठला हो?"

त्यानं भर सभेत गाऊन दाखवला. मागं हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. "मी असा कधीच घेत नाही. कुठं ऐकलात?"

"तुमच्याच तबकडीत. तुमीच इसरला असाल."

कृपाबाईनं कोट ओढून त्याला खाली बसवलं. घरी जाईतो तो बाईंवरच चिडलेला होता. वय झालं बाईंचं, म्हणाला.

सकाळी त्यानं तबकडी लावली, बाईंना खोटं पाडायला. तोच झोका आला. पण त्या दिवशी त्याचं लक्ष गाण्यामागं साथीला वाजणाऱ्या पेटीकडे गेलं. पेटीचा सूरही खाली जात होता, वर येत होता. गळा हलेल, पण पेटीची पट्टी दाबली की दाबली, ती कशी झोका घेईल? त्यानं दांड्याकडे पाहिलं. तो डुलत होता. दुसरी तबकडी लावली, दांडा शांत. मग त्यानं पहिलीचं भोक मापलं. ते मधोमध नव्हतंच, थोडं बाजूला पडलं होतं. कारखान्यात कुणाचा तरी हात चुकला होता.

डुलणारं चाक! जन्मभर जे लांबून ओळखलं, ते स्वतःच्या टेबलावर फिरत होतं, आणि तो लोकांना बोलावून दाखवत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. हॉलमधला हशा तर आठवलाच, पण त्याहून जास्त टोचलं ते हन्नाचं वाक्य. तिनं सांगितलं होतं. अगदी स्वच्छ सांगितलं होतं.

दुपारी हन्ना आली. दानिएलनं तिला तबकडी दाखवली, भोक दाखवलं. मान वर करवत नव्हती.

"चुकलं माझं, हन्ना. तुझंच खरं हुतं. आता सरळ म्हन. पयल्यासारखं."

हन्नानं पदर सावरला, डोळे मिटले आणि ओळ म्हटली. सूर लांबला. खाली गेला, वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिनं डोळे उघडले.

"आता बराबर आला न्हवं, दाजी? का हलला?"

कृपाबाई चुलीकडे वळली. दानिएलला वाटलं, बरोबर आला म्हणून मोकळं व्हावं. पण एवढं खोटं आता तोंडातून निघेना.

"हलला, पोरी," तो म्हणाला. "आन् त्यो मी हलवलाय."