फरशीखालची ऊब

दारव्ह्याला आमच्या गल्लीत बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ एकटेच राहत. वाक्य संपलं की ते थांबायचे आणि समोरच्याच्या 'हो'ची वाट बघायचे.

एका हिवाळ्यात त्यांनी दुकानाच्या फरशीखालून गरम धूर खेळवायला विटांची नाली काढली आणि तिच्या तोंडाशी, बाहेर, चूल मांडली. जाळायचं काय, यावर त्यांचा महिनाभर खल चालला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, भसकन जळून जायची. कोळशानं फरशी चटके द्यायची. शेवटी गोवऱ्या ठरल्या, कारण त्या सावकाश धुमसतात.

मी सकाळी दुरुस्तीला दिलेली माझी पेटी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. खाली छान ऊब होती. ते मात्र पोत्यावर बसले होते. मी त्यांच्या बाजूची फरशी चाचपली, तर ती गारठलेली.

"नाली तुमच्याकडे का नाही नेली?"

"मी त बसतोच इथं," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "गिऱ्हाईक पेटी घेते अन् उभ्यानंच निघून जाते. खाली गरम लागलं त घडीभर बसन."

मी निघायच्या बेतात होतो. पेटी त्यांच्यापुढे सरकवून म्हणालो, "काहीतरी वाजवा."

ऊन डोक्यावर येईपर्यंत मी उठलो नाही.