कोयत्यावरचा सर्जाचा रंग

मंडळी, आज सकाळी आईच्या शिव्या खाल्ल्या. साठी उलटल्यावर!

नेवाशाच्या घरी माळा आवरताना वडिलांचा ऊसतोडीचा कोयता सापडला. पातं गंजलेलं, म्हणून पॉलिश पेपरनं घासायला बसलो. मुठीजवळ लाल रंगाचे पोपडे होते. ते खरवडायला घेतले तर आई ओरडली, "आरं मुडद्या, त्यो सर्जाचा रंग हाय!"

सर्जा म्हणजे आमचा बैल. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास दादा, म्हणजे माझे वडील, पोळ्याला त्याची शिंगं रंगवायचे आणि डब्यात उरलेला रंग कोयत्याला फासायचे, गंज चढू नये म्हणून. तोडीला लागलं की धारेकडचा रंग लगेच उडायचा, मुठीजवळचा तेवढा टिकायचा.

आईनं कोयता मांडीवर घेतला. रंगावरून अंगठा फिरवत म्हणाली, "समदं पातं गंजानं खाल्लं. पर सर्जा हाय तितं शिवला न्हाई बघ."

मी गुपचूप बाकीचं पातं घासलं, तेल लावलं. लाल तुकड्याला हात लावला नाही.

तुमच्याकडे कशावर उरलाय असा रंग? घासण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा हं.