इंदूमावशींच्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. बहिणीला सांगायला एकदा सुरुवात केली होती, 'ऐक ना, दुकानातलं एक सांगायचंय' म्हणून, आणि मग भलतंच काहीतरी सांगून मोकळी झाले. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

काळाचौकीच्या एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. बारा वर्षं झाली. राहते दादरला. चिठ्ठीवरच्या औषधांचा साठा मालक स्वतः बघतात आणि चिठ्ठीशिवाय जे जे विकलं जातं त्याचा साठा माझ्याकडे असतो. बाम, खोकल्याची औषधं, ॲसिडिटीच्या पुड्या, ग्लुकोज, डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? पण या कामानं मी इतकी वैतागलेली असायचे की घरी गेल्यावर चहाचा कपसुद्धा आपटून ठेवायचे.

मालकांना स्कीमचा मोह. दहावर तीन फुकट म्हटलं की डोळे मिटून माल उचलायचे. माळ्यावर मुदत संपत आलेल्या बामच्या बाटल्यांचे खोके, आणि माणूस जे मागायला येईल ते नेमकं संपलेलं. 'नाहीये' म्हटलं की माणूस रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाणार. मालक माझ्याकडे बघणार. वर म्हणणार, गेलं गिऱ्हाईक. मी म्हणायचे, खोके तुम्ही भरता आणि उणं मी ऐकायचं? अर्थात मनातल्या मनात.

मग दुकानात कॉम्प्युटर आला आणि मी हट्टाला पेटले. प्रत्येक वस्तूचा किमान साठा ठरवून टाकला. त्याखाली माल गेला की ऑर्डर द्यायची. दोनेक महिन्यांत सगळं ताळ्यावर आलं. एकच गोष्ट येईना. अंगदुखीची एक साधी पेनकिलर. कितीही मागवा, महिन्याच्या आत खलास.

कोण नेतंय एवढ्या? बिलांवर नावं नसतात. पंधरा दिवस मी काउंटरवर नजर ठेवून उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं. कधी शेजारीण यायची, कधी मुलगी, कधी डबे पोचवणारा माणूस. सगळ्या स्ट्रिपा एकाच चाळीतल्या एकाच खोलीत जात होत्या. इंदूमावशींच्या.

इंदूमावशी म्हणजे मूळच्या कणकवलीकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हापासून पोळ्या लाटत होत्या. रोजच्या दीडशे-दोनशे. पुढे नवरा गेला, मुलगी सुप्रिया मोठी झाली, नोकरीला लागली, तरी मावशींचं लाटणं थांबलं नाही. माझा दुपारचा डबाही त्यांच्याकडूनच यायचा. शुक्रवारी त्यात न सांगता तिसऱ्या पोळीखाली तळलेला बांगडा असायचा, कारण मला आवडतो हे त्यांना ठाऊक होतं. खांदे, गुडघे, कंबर, सगळंच दुखायचं त्यांचं. दिवसाला चार-पाच गोळ्या जात असाव्यात.

आणि ब्लडप्रेशरची गोळीही त्या आमच्याकडूनच न्यायच्या. म्हणजे मला माहीत होतं. नीट माहीत होतं. ब्लडप्रेशरच्या माणसानं ही पेनकिलर वर्षानुवर्षं रोज खाल्ली तर किडनीचं काय होतं, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं.

मी काय केलं? त्या गोळीचा किमान साठा दहा स्ट्रिपांवरून तीस केला.

झालं. गोळी पुन्हा कधी संपली नाही. मालक खूश. दुसऱ्या एका दुकानदाराला त्यांनी मुद्दाम बोलावून माझं काम दाखवलं, आणि मी — सांगायला लाज वाटते — मी ते कसं केलं ते त्याला समजावून सांगितलं.

पण हा काही माझा कबुलीजबाब नाही. इथवर आल्यावर थांबावंसं वाटतंय. एवढं तर पुष्कळ मेडिकलवाले करतात, असं म्हणून सुटता येईल. पुढचं मात्र माझं एकटीचं आहे.

एका दुपारी मावशी स्वतः आल्या. दुकानात कुणी नव्हतं. गर्दी होती, घाई होती असं मी स्वतःला कित्येकदा सांगून पाहिलंय, पण नव्हती. मालक जेवायला गेलेले. मावशींनी पदरानं मानेवरचा घाम पुसला, काउंटरला टेकल्या आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, "गो बाय, ही गोळी रोज खाल्लंय तर काय होवचां नाय ना?"

किती सरळ प्रश्न होता. शिकलेल्या बाईला विचारावा तसा विचारला होता.

मी म्हणाले, "चालतं मावशी. फक्त जेवून घ्या."

त्या हसल्या. दोन स्ट्रिपा घेऊन गेल्या.

का म्हणाले मी असं? त्याआधी एकदा नाकात टाकायच्या थेंबांवरून मी एका गृहस्थांना टोकलं होतं, आणि 'तू डॉक्टर आहेस का?' म्हणून मालकांनी मला सुनावलं होतं. तो राग मनात होता. हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. कारण सांगते. त्या सकाळीच साठ स्ट्रिपांचा खोका आला होता. मुदत जेमतेम पाच महिन्यांची. मावशींनी गोळी बंद केली तर तो खोका माझ्या डोक्यावर राहणार होता. इतक्या कष्टानं बसवलेला माझा हिशेब बिघडणार होता. प्रश्न ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांसमोर तो खोका आला. मावशी आल्या नाहीत.

पुढे दीडेक वर्षानं ती गोळी अचानक खपेनाशी झाली. कॉम्प्युटरवर आकडा हलेना. डबा तर आधीच बंद झाला होता. मावशींना बरं नाही, पाय सुजलेत, असं डबे पोचवणारा म्हणाला होता. तरीही माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? एवढ्या स्ट्रिपांचं आता मी काय करू? मी डिस्ट्रिब्युटरला फोन लावला, माल परत घ्या म्हणून त्याच्याशी भांडले. तावातावानं भांडले.

चार दिवसांनी सुप्रिया चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठी बघताच मला कळलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिस. चेहरा ओढलेला, नोकरीवर बिनपगारी रजा टाकलेली. ती बोलत होती आणि मी औषधं काढत होते, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"डॉक्टर आईवर ओरडले," ती म्हणाली. "एवढ्या गोळ्या कुणाला विचारून खाल्ल्या म्हणून. आई म्हणाली, कुणाला नाय, माझ्या मनानं खाल्लंय."

मावशी विसरल्या असतील? मला नाही वाटत. शुक्रवारचा बांगडा न विसरणारी बाई ती. मला वाचवलं त्यांनी. आणि मी? 'त्यांच्या मनानं नाही, मी चालतं म्हणाले होते,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. सुप्रिया समोर उभी होती. मी म्हणाले, दोन औषधं उद्या येतील, घरी पाठवते.

एकदा भेटायला गेले. मावशी खाटेवर, हाताला पट्टी, जेमतेम अर्ध्या राहिलेल्या. पाणी मोजून प्यायचं होतं त्यांना. घसा कोरडा पडला होता, तरी मला सरबत करून दे म्हणून सुप्रियाच्या मागे लागल्या. सुप्रिया आत गेली. खोलीत आम्ही दोघीच. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या वाट बघत होत्या का? मी चाळीच्या पुनर्विकासाचं विचारलं. बिल्डर भाडं देतो का, किती देतो. सरबत प्यायले आणि निघाले.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. सुप्रियानं तेराव्याला आवर्जून बोलावलं होतं. दुकानात स्टॉक मोजायचाय, निघता येणार नाही, असं मी कळवलं. तसं काही नव्हतं. त्या दिवशी दुकान बंद होतं, आणि मी घरी होते.