टेपचं दुसरं टोक

आमचं पहिलं घर पत्र्याचं होतं. भिंती पत्र्याच्या, छत पत्र्याचं, आणि वाऱ्यानं ते उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड. शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं एका शेताचे तुकडे पाडून विकले जात होते, त्यातला वीस बाय तीसचा एक वडिलांनी बॉन्ड पेपरवर घेतला होता. एवढा लहान तुकडा कायद्यानं नावावर होत नव्हता, म्हणून सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहिला. नळ नव्हता. टँकर आला की आई हंडे घेऊन पळायची, आणि परत येईस्तोवर निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर असायचं. उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नसे, तेव्हा मी पुस्तकं घेऊन समोर मास्टरांच्या दुकानात जायचे. मास्टर म्हणजे आमच्या गल्लीचे शिंपी. मशीनच्या आवाजात मी पाढे पाठ केले.

वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात होते. शाळेत गेलेले नव्हते, पण पगाराच्या रजिस्टरवर अंगठा उठवायची लाज वाटायची म्हणून सही तेवढी शिकून घेतली होती. त्यांनी दोन खोल्या विटांच्या बांधल्या, त्या चार उन्हाळ्यांत, जमेल तशा. गल्लीतल्या बाकीच्यांनीही तसंच केलं.

पालिकेचा माणूस दिसला की गल्लीला कुलूप लागायचं. घरपट्टीवाला असो, नाहीतर मोजणीवाला, सगळे दारं ओढून बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसायचे. आपण कागदावर नाही तर आपल्याला कोणी पाडू शकत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

एकदा असेच दोघं मोजायला आले. वडील रात्रपाळी करून झोपले होते, त्यामुळे दार उघडंच राहिलं. साहेबानं पाणी मागितलं, वडिलांनी दिलं. मग साहेब म्हणाला, "जरा टेपचं टोक धरता का?" वडिलांनी धरलं. आमच्या घरापासून सुरुवात झाली आणि गल्लीची सतराही घरं मोजून झाली, तरी टोक वडिलांच्याच हातात. शेवटी साहेब म्हणाला, "पंच म्हणून सही करा." वडिलांनी केली. वर म्हणाले, "मी सही केलेला कागद मलाबी पाहिजे." साहेबानं हसून कार्बनची प्रत दिली.

वडिलांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला तेव्हा कळलं, तो सतरा अनधिकृत घरांचा पंचनामा होता. 'पाडण्यास पात्र' असं खाली लिहिलेलं होतं.

संध्याकाळी गल्ली आमच्या दारात. मास्टर म्हणाले, "दस्तखत कायकू करा रे तू? सबके घर कागज पे ला दिया." आई आतून म्हणाली, "सही येते म्हणून कुठंबी करायची का?" वडिलांनी कागदाची घडी करून तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. त्या दिवसापासून ते 'टेपवाले' झाले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी म्हणायचंच, "टेपवाल्याला नीट वाढा, न्हायतर पत्रावळी मोजून नेईल." पाडायला कोणी आलं नाही, पण नाव राहिलं.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. त्याच सुमारास गुंठेवारीतली, म्हणजे अशी शेताचे तुकडे पाडून वसलेली घरं नियमित करायचा कायदा आला. ठरलेल्या तारखेच्या आधी बांधलेली घरं कायम होणार, बाकीच्यांची हमी नाही. मी नकाशा काढून घेतला, अर्ज भरला, बॉन्ड पेपर जोडला आणि वॉर्ड ऑफिसात गेले. कारकुनानं कागद चाळले.

"ताई, हा जागा घेतल्याचा कागद. घर त्या तारखेला उभं होतं, याचा पुरावा? घरपट्टीची पावती?"

पावती कुठून असणार? सतरापैकी एका घरातही नव्हती. आम्ही वर्षानुवर्षं कुलूप लावून लपवलेलं घर आता आम्हालाच दाखवता येत नव्हतं. घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा वडील बराच वेळ चप्पल झटकत बसले. मग म्हणाले, "एक कागद हाये. पण त्यो आपल्याविरुद्धचा हाये."

गोधड्यांच्या खालून, प्लास्टिकच्या पिशवीतून तो निघाला. शाई जांभळी, पुसट. सतरा घरं, प्रत्येकाची लांबी-रुंदी, भिंत विटांची की पत्र्याची, आणि वर तारीख. कायद्यातल्या तारखेच्या कितीतरी आधीची. मी तो उभ्यानं दोनदा वाचला आणि मग मोठ्यानं वाचून दाखवला. आई म्हणाली, "म्हंजी त्यांनीच लिवून दिलंय का, आपण हितं होतो म्हून?"

"व्हय," वडील म्हणाले.

ऑफिसातल्या साहेबांनी कागद उलटासुलटा केला. "अहो, हा तर तुमचं घर पाडायचा कागद आहे."

"हो साहेब. नसलेलं घर पाडायला कोणी पंचनामा करतं का?"

त्यांनी कागद पुन्हा वाचला. कार्बन प्रत चालणार नाही म्हणाले, मूळ कागद शोधावा लागेल. मी म्हटलं, शोधा, मी बसते. तीन आठवडे मी रोज ऑफिसातल्या बाकावर बसले. मूळ कागद सापडला. मग पंचाला बोलावणं आलं. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि साहेबांसमोर सही केली. तीच सही, शेवटचं अक्षर तसंच खाली घसरलेलं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मान हलवली.

त्या संध्याकाळी मास्टर आले. दारातच थांबले. "भाई, वो कागज का झेरॉक्स मिलेगा क्या?"

वडील म्हणाले, "सोळा काढून ठेवल्यात, मास्टर. तुमची सगळ्यात वर हाये."

रस्त्यासाठी प्रत्येकाला पुढून तीन फूट सोडावे लागले. आमचा ओटा गेला, मास्टरांच्या दुकानाची पायरी गेली. नव्यानं मोजणी झाली तेव्हा टेपचं टोक धरायला वडीलच पुढं झाले, आणि या वेळी कोणी लिंबाखाली गेलं नाही.

सतराही घरं नियमित झाली. आमच्या प्रमाणपत्रावर, वडिलांच्याच सांगण्यावरून, पहिलं नाव आईचं आहे आणि दुसरं वडिलांचं.