तिसऱ्या मजल्यावरचे स्क्रू

फेब्रुवारी २०२१च्या पहिल्या सोमवारी शिरीष आंबर्डेकरला ईमेल आली : तिसरा मजला मार्चअखेर रिकामा करून द्यायचा आहे, कंपनी तो सोडतेय. शिरीष चेरीवूडच्या त्या ऑफिसात देखभालीचं काम बघायचा. दिवे, नळ, एसी, खुर्चीची चाकं, सगळं त्याच्याकडे. लॉकडाउन लागल्यापासून इंजिनियर मंडळी घरून काम करत होती, आणि इमारतीत रोज येणारा शिरीष एकटाच होता. आठवड्यातून एकदा तिन्ही मजल्यांवरचे नळ पाच-पाच मिनिटं सोडायचे, पाणी साचून खराब होऊ नये म्हणून. बाकी वेळ रिकाम्या मजल्यांवरून चालत राहायचं.

घरीही तोच प्रकार. त्याची बायको नीलिमा आणि पाच वर्षांची ईरा आदल्या फेब्रुवारीत नात्यातल्या एका लग्नासाठी मायदेशी, कोल्हापूरला गेल्या होत्या. महिन्याभराचं तिकीट होतं. मग विमानं बंद झाली, आणि ती सुरू होईतो नीलिमाच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. त्यांच्या ॲडम्सटाउनच्या फ्लॅटमध्ये ईराची सायकल बाल्कनीत उभी होती. तिच्यावर शेवाळ धरायचं, ते शिरीष दर रविवारी पुसायचा.

कामाला त्याने लॉकर्सपासून सुरुवात केली. ऐंशी लॉकर्स, आकड्यांच्या कुलुपांचे. वर्षभरात कुलुपांच्या बॅटऱ्या मेल्या होत्या, त्यामुळे कुणाचाही कोड चालेना. आत लोकांचं सामान होतं आणि ते ज्याचं त्याला पोस्टाने पाठवायचं होतं. शिरीषने रांग भिंतीपासून ओढली. मागचा पत्रा सहा स्टार स्क्रूंवर बसवलेला होता. त्याने ड्रिलला पेटीतलं टी-वीस मापाचं पेचकसाचं टोक, म्हणजे बिट, लावला. बिट आत शिरेना. पुन्हा लावला, जरा दाबला, तरी नाही. शेवटी टॉर्च घेऊन तो गुडघ्यावर बसला, तेव्हा दिसलं : स्क्रूच्या ताऱ्यासारख्या खाचेच्या बरोबर मधोमध एक बारीक खुंटी उभी होती.

कोल्हापूरला उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये दहा वर्षं काढलेला माणूस तो. हे स्क्रू त्याला ठाऊक होते, वापरायची वेळ आली नव्हती इतकंच. कुणीही ऐऱ्यागैऱ्याने खोलू नये म्हणून मारतात. त्यांना मधे भोक असलेला बिट लागतो.

दुपारी तो सँडिफर्डच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. काउंटरमागे प्लॅस्टिकच्या पडद्याआड एक म्हातारा होता, मास्कच्या दोन्ही बाजूंनी पांढरी दाढी बाहेर आलेली. शिरीषने मोबाइलवर स्क्रूचा फोटो दाखवला.

"हां, मधे पिन आहे," म्हातारा म्हणाला आणि त्याने दोन डब्या पुढे ठेवल्या. "हे साधे, भरीव. हे भोकवाले."

"भोकवाला साध्या स्क्रूलाही चालेल ना?"

"चालेल की. दोन्हीला चालतो."

"मग साधा कोण घेईल?"

म्हातारा हसला असावा, त्याचे डोळे बारीक झाले. "ज्याला जोर लावायचाय तो. हा आतून पोकळ आहे बघ. घट्ट बसलेल्या स्क्रूवर दाब दिलास की टोक जातं. किती आहेत तुझ्याकडे?"

"लॉकर ऐंशी. मग टेबलं, दीडशेच्या वर."

"एकटाच?"

"एकटाच."

"बाप रे. मग गाणी तरी लावून कर."

गेल्या शुक्रवारपासून शिरीष कुणाशी समोरासमोर बोलला नव्हता. त्याने भोक किती खोल असतं ते विचारलं, कुठल्या पोलादाचे बिट चांगले ते विचारलं, म्हातारा कुठला तेही विचारलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयोचा होता. मागे दोघेजण अंतर ठेवून ताटकळायला लागले, तेव्हा त्याने भोकवाल्या बिटांची डबी उचलली. दोन्ही घेता आल्या असत्या, आणि दोन्ही लागणार हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. पण पुन्हा यायला कारण असू दे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

लॉकर्सचे पत्रे भराभर निघाले. सामानाच्या याद्या करून त्याने सगळ्यांना ईमेल पाठवल्या. बहुतेकांनी 'टाकून द्या' म्हणून कळवलं. त्या इंजिनियर मंडळींपैकी एकट्या साक्षी देवस्थळीने फोन केला. ती ऑगस्टमध्येच पुण्याला परतली होती.

"शिरीषदादा, लॉकरमध्ये एक खाकी पाकीट आहे का? माझं एमएस्सीचं सर्टिफिकेट आहे त्यात. ओरिजिनल!"

"आहे. बूट आहेत, कॉफीचा मग आहे, आणि जिऱ्याच्या गोळ्यांची बाटली."

"अय्या, ती बाटली! दादा, व्हिडिओ चालू करता? मला माझी जागा बघायचीय."

त्याने फोन पुढे धरला आणि तो मजलाभर फिरला. ती सांगेल तिकडे वळला. तिच्या टेबलावर मार्च २०२०चं कॅलेंडर होतं, कुंडीत वाळलेली काडी होती. खिडकीतून टेकडी आणि शिशाच्या जुन्या खाणीची चिमणी दिसत होती.

"दिसली, दिसली," साक्षी म्हणाली. "किती शांत आहे हो. तुम्हाला कसंतरी नाही होत?"

"सवय झाली आता," शिरीष म्हणाला. "तू पत्ता पाठव, उद्याच रजिस्टर पोस्टाने पाठवतो."

"थँक यू दादा. चला, स्टँडअप मीटिंग आहे माझी."

फोन बंद झाल्यावरही तो थोडा वेळ त्या खिडकीपाशीच उभा होता.

टेबलांचे स्क्रू साधे होते, बिनखुंटीचे, पण कारखान्यात डिंक लावून आवळलेले. बिट बदलायच्या आळसाने त्याने भोकवालाच चालू ठेवला. तेविसाव्या टेबलाला कट् असा आवाज झाला आणि हात एकदम सैल पडला. टोक तुटून स्क्रूच्या डोक्यात अडकलं होतं. चिमट्याने निघेना, खिळ्याने ढकलून निघेना. शेवटी ड्रिलने ते डोकंच उडवावं लागलं. पेटीतला जुना भरीव बिट लावून बघितला, तर तो कधीचा झिजून गुळगुळीत झालेला.

तो पुन्हा सँडिफर्डला गेला. दुकानाचं दार बंद होतं. कर्मचाऱ्यांपैकी कुणाला तरी लागण झाली म्हणून आता ऑनलाइन ऑर्डर द्यायची आणि खिडकीतून माल घ्यायचा, अशी पाटी होती. फुटपाथवर उभं राहून त्याने साध्या बिटांची डबी मागवली. वीस मिनिटांनी खिडकीतून एका मुलीचा हात बाहेर आला.

"ते दाढीवाले गृहस्थ आहेत का?" त्याने विचारलं.

"रजेवर आहेत. पुढचे?"

भरीव बिटांनी काम झकास झालं. मार्चच्या शेवटच्या बुधवारी इमारतीच्या मालकाचा माणूस आला, रिकाम्या मजल्याचे फोटो काढून, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून चार मिनिटांत गेला. त्या संध्याकाळी नीलिमाने फोनवर सांगितलं, की ईराचं नाव तिने जूनपासून तिथल्याच शाळेत घातलंय.

"आईला टाकून कशी येऊ, तूच सांग."

"बरं केलंस," शिरीष म्हणाला. जेवलास का, असं तिने विचारलं. हो म्हणाला. मग उठून त्याने कुकर लावला.

नीलिमा आणि ईरा परत आल्या त्या नोव्हेंबरात. नीलिमाचा भाऊ आईला आपल्याकडे घेऊन गेला, तेव्हा कुठे जमलं. ईरा सात वर्षांची झाली होती, वीतभर उंच झाली होती. पहिल्या रविवारी शिरीष स्वयंपाकघरात चहा टाकत होता.

"आता आलं किसू. आलं कुठे ठेवलं? हां, हे काय इथं."

ईरा दारात येऊन उभी राहिली. आधी तिने बाबाकडे बघितलं, मग सगळ्या स्वयंपाकघरात नजर फिरवली.

"बाबा, कुणाशी बोलायलायस?"

शिरीषने गॅस बारीक केला.

"कुणाशी नाही गं," तो म्हणाला. "ये, बस इथं."