सहा नारळ अन् माझा खांदा

मंडळी, आज लय जिवाला लागलं, म्हणून लिहून राह्यलो.

कबड्डीत माझा खांदा निखळला की गावातले हाडं बसवणारे काका झटक्यात बसवून देत. पैसे घेत नव्हते, फक्त मारुतीला नारळ फोडायला लावत. "ऑपरेशन केलं तर हात कायमचा अधू होईल," म्हणायचे. मी आयकलं. सहादा निखळला, सहा नारळ फोडले.

आज आदिलाबादले दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर म्हणले, "हाड झिजलं. सुरुवातीलाच आला असता तर दुर्बिणीनं भागलं असतं. आता मोठं ऑपरेशन लागते."

बाहेर आलो तर काका बसलेले. इचारलं तर समजलं, त्यायच्या पोरीचा खांदा दुसऱ्यांदाच निखळला, अन् आज तिचं दुर्बिणीचं ऑपरेशन.

"मग मला काऊन नाही सांगितलं, काका?"

त्यायनं मान खाली घातली. "ती माझी पोरगी हाय ना, बाबू."

लहानपणापासून त्यायला काका म्हणून राह्यलो. सांगा, मी त्यायचा कोण होतो?