आतोबांचं शास्त्रशुद्ध गाऱ्हाणं

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात देवाला पेशी समजावून सांगायला निघालेला एकच माणूस झाला, आणि तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. पालीजवळच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. देव मानत नसत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात आली की आत्या ओटी भरायची आणि हे मागल्या पडवीत जाऊन मुद्दाम खोकत बसायचे. बोलायला मात्र त्यांना कुणीही चाले. एकदा न्हाव्याला पेशीचं केंद्रक समजावता समजावता घंटा झाली आणि मास्तर अर्ध्या दाढीनिशी वर्गावर गेले.

त्यांची एकुलती एक लेक सुमी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिच्या अंगात रक्तच टिकायचं नाही. दर महिन्याला रत्नागिरीला नेऊन दुसऱ्याचं रक्त चढवावं लागे. हा रोग आईकडून निम्मा, बापाकडून निम्मा आलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून आतोबा आत्याशी भांडायचे बंद झाले. आणि मग, पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल, कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की निरोगी पेशीतलं चांगलं जनुक आजारी पेशीत नेऊन बसवायचे प्रयोग परदेशात चाललेत. झालं! "अहो, रायवळावर हापूसचं कलम बांधतो, तसंच की," असं ते ज्याला त्याला धरून सांगू लागले. एसटीचा कंडक्टर त्या नादात हातखंब्यापर्यंत तिकिटं फाडायची विसरला. धडधाकट माणूस दिसला की त्याला असे न्याहाळायचे, की तो बिचारा शर्टाची बटणं लावून घ्यायचा. आमचा गावकार, म्हणजे पालखीपुढे सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा मानकरी, चांगला रेड्यासारखा दणकट होता. तो तर आतोबांना बघून वाट बदलायचा.

त्या शिमग्याला सुमीला अंथरुणातून उठवत नव्हतं. पालखी अंगणात आली आणि आतोबा पडवीतून चक्क पुढे आले. हातात फुलस्केप कागद. गाऱ्हाणं याबरहुकूम घाला म्हणाले; 'पोरीला बरं कर' असलं मोघम बोललं तर देवाला काय कळणार? कागदावर होतं, की विषाणूतला रोग काढून टाकावा, त्याच्या पाठीवर चांगलं जनुक द्यावं आणि तो सुमीच्या हाडांतल्या मगजात सोडावा. गावकाराने कपाळाला हात लावला. विषाणू म्हणजे रोगाचाच जंतू, मग देवाकडे रोग मागायचा कसा, हा त्याचा सवाल. त्यावर आतोबांनी पालखी खांद्यावर असलेल्या माणसांना ताटकळत ठेवून अख्खा तास घेतला.

शेवटी गावकाराने तो कागद टोपीत खोचला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या रक्तात जी काय खोट आसंल ती काढ, नि चांगल्याचं कलम बांध. लागंल तेवढं माज्या रक्तातलं घे."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागाहून, फाटक्या आवाजात एकटे आतोबा म्हणाले, "व्हय म्हाराजा." मला तेव्हा फस्सकन हसू आलं. त्याची अजून लाज वाटते.

सुमीने त्यानंतर दोनच शिमगे पाहिले. चांगलं जनुक बसवायचं ते औषध खरंच निघाल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा ज्यांच्या हातात कात्रण द्यावं ते आतोबाही उरले नव्हते. आता गावकाराचा मुलगा गाऱ्हाणं घालतो, बापाने घातलं तसंच, अक्षरन् अक्षर. आधी पिकापाण्याचं, मग मुंबईतल्या चाकरमान्यांचं आणि मग रक्तात खोट असलेल्या लेकराचं. ते लेकरू कोण, हे नव्या मंडळींना ठाऊक नाही. सगळे दणक्यात 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि माझं तेवढं मागाहून येतं.